आजारपणाची वर्गणी



वर्गणी हा शब्द आपल्याला नवा नाही. सप्ता बसवायचा असो, शाळेची खोली बांधायची असो, की जत्रेत कुस्त्यांचा फड भरवायचा असो, चार माणसे वही घेऊन दारोदार फिरतात आणि ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे आकडा लिहिला जातो. लग्नातला आहेर हीसुद्धा एका परीने वर्गणीच. एका घरावर एकदम येणारा भार दोनशे घरांनी थोडा थोडा उचलायचा, आणि पुढे त्यांच्याकडे कार्य निघाले म्हणजे वही पाहून परतफेड करायची. शेतातली सावड तेच काम श्रमाच्या रूपाने करते. आज तुम्ही माझ्या रानात, उद्या मी तुमच्या रानात.

अलीकडे या जुन्या रीतीला एक नवे रूप आले आहे. मोबाइलवर संदेश येतो. त्यात दवाखान्यातल्या खाटेवर झोपलेल्या लेकराचा फोटो असतो, खाली आजाराचे अवघड नाव असते, मग लाखांतला एक आकडा आणि शेवटी बँकेचा खाते क्रमांक. संदेश धाडणारा ओळखीचा असतो. पण तो आजारी माणूस कोण, हे त्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. इंग्रजीत याला क्राउडफंडिंग म्हणतात. आपण सरळ लोकवर्गणी म्हणू.

आज आपण तीन प्रश्नांचा विचार करू. ही नवी वर्गणी चालते कशी? तिच्या भरवशावर किती राहावे? आणि तिच्याकडे वळण्याआधी कोणती दारे ठोठावावीत? तिसऱ्या प्रश्नाला मी जास्त वेळ देणार आहे. आपल्या परभणी जिल्ह्यात गरीब कुटुंबाचे नुकसान होते ते बहुधा तेथेच.

आधी खर्चाचे बोलू. सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१७-१८ साली देशभर घरोघरी जाऊन दवाखान्यांचा खर्च विचारला होता. बाळंतपण वगळता, एकदा दवाखान्यात दाखल व्हायला सरकारी रुग्णालयात सरासरी ४,४५२ रुपये लागत होते आणि खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये. म्हणजे सातपट. आणि ही झाली सरासरी. तिच्यात दोन दिवसांचा ताप आला, तसे हृदयाचे ऑपरेशनही आले. मोठ्या आजाराचा आकडा या सरासरीच्या कितीतरी वर जातो.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचा खर्च मात्र बिलावर संपत नाही. परभणीत जिल्हा रुग्णालय आहे, २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. तरी अवघड दुखणे निघाले की नांदेडचे शासकीय रुग्णालय, संभाजीनगरची घाटी, नाहीतर थेट मुंबई गाठावी लागते. देवगिरी किंवा नंदिग्राम एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास, बरोबर दोन माणसे, त्यांचे खाणे-राहणे, आणि तितके दिवस बुडालेली मजुरी. सोयाबीन काढणीला आलेले असते आणि घरातला कर्ता माणूस परळच्या फुटपाथवर बसलेला असतो. या खर्चाची पावती कोणी देत नाही, म्हणून तो हिशेबातही धरला जात नाही.

देशाच्या आरोग्यखर्चाचा हिशेब दरवर्षी मांडला जातो. त्यातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१४-१५ मध्ये शेकडा ६२.६ होता. २०२१-२२ पर्यंत तो शेकडा ३९.४ वर आला. सुधारणा झाली, हे मान्यच केले पाहिजे. पण शंभरातले चाळीस रुपये अजून रुग्णाच्या घरून जातात, आणि ज्या घरात चाळीस नाहीत ते घर मग बैल विकते, शेत गहाण टाकते किंवा सावकाराचे दार धरते. लोकवर्गणी या खाईतून माणसाला वर काढू शकते का, हा आपला विषय.

आता ही नवी वर्गणी चालते कशी ते पाहू. आपल्या देशात तिच्यासाठी निघालेल्या संस्थांत बंगळूरची मिलाप, आणि मुंबईच्या केट्टो व इम्पॅक्ट गुरू ही नावे ठळक आहेत. त्या साऱ्या २०१० ते २०१४ या चार-पाच वर्षांत उभ्या राहिल्या. रुग्णाच्या वतीने कोणीतरी तेथे नोंद करतो. रुग्णाची ओळख, डॉक्टरांचे कागद आणि खर्चाचे अंदाजपत्रक जोडतो. संस्था ते तपासून रुग्णाच्या नावाचे एक पान इंटरनेटवर उघडते. त्या पानाचा पत्ता नातेवाईक, मित्र, शाळासोबती, गाववाले पुढे पुढे पाठवीत राहतात. जमलेली रक्कम रुग्णालयाकडे किंवा नोंद करणाऱ्याच्या खात्यात जाते. काही संस्था जमलेल्या पैशातून शेकडा काही हिस्सा घेतात. काही देणाऱ्याकडूनच ‘टीप’ म्हणून वेगळे पैसे मागतात. पैसे पोचवण्याचा खर्च आणि कर निराळा. तेव्हा ‘शंभर जमले तर हातात किती पडतील?’ हा प्रश्न नोंद करण्याआधीच विचारून घ्यावा, आणि उत्तर लेखी घ्यावे.

या मार्गाने किती पैसा उभा राहू शकतो, याचे उदाहरण २०२१ साली महाराष्ट्राने पाहिले. मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीला स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी नावाचा आजार होता. या आजारात जन्मतःच एका जनुकात दोष असतो. त्यामुळे स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी झिजत जातात. मूल मान धरीत नाही, पुढे त्याला गिळणे आणि श्वास घेणेही कठीण होते. त्यावरचे झोलजेन्स्मा नावाचे औषध एकदाच टोचायचे असते, आणि त्याची किंमत सोळा कोटी रुपयांच्या घरात होती. आईबापांनी लोकांपुढे हात पसरले, आणि देशातून व परदेशांतून लोकांनी थेंबे थेंबे ते तळे भरले. केंद्र सरकारने आयातीवरचा सुमारे सहा कोटींचा कर माफ केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते औषध मुलीला मिळाले.

त्याच वर्षी पुण्याजवळच्या दुसऱ्या एका मुलीसाठीही तेवढीच रक्कम लोकांनी उभी केली. जून महिन्यात तिला औषध मिळाले. ऑगस्टच्या पहिल्या दिवशी ती गेली.

या दोन्ही घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. लाखो अनोळखी माणसे एका लेकरासाठी पैसे देतात, ही गोष्ट लहान नाही. आपल्या समाजाच्या चांगुलपणाचा तो पुरावाच आहे. पण वर्गणी औषध आणून देते, आयुष्याची हमी देत नाही. म्हणून ज्यांच्याकडे पैसे मागायचे त्यांना, आणि स्वतःलाही, डॉक्टरांनी सांगितलेली आशा जेवढी असेल तेवढीच सांगावी, वाढवून सांगू नये.

अशा दुर्मिळ आजारांसाठी त्याच २०२१ साली केंद्राने राष्ट्रीय धोरण आणले. मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय हे त्यातल्या नेमलेल्या केंद्रांपैकी एक. २०२२ मध्ये या धोरणाखालची मदत एका रुग्णामागे पन्नास लाख रुपयांपर्यंत वाढवली गेली. आणि गंमत अशी, की या धोरणानुसार सरकारनेही लोकांकडून देणग्या घेण्यासाठी एक पोर्टल उघडले. म्हणजे खुद्द रावालाही वही घेऊन दारोदार फिरावे लागले!

‘गाव करी ते राव न करी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती खरी आहे. पण आजारपणाच्या बाबतीत तिच्यावर सगळा भार टाकता येत नाही. का, ते सांगतो.

वर्गणीचा पाऊस सगळ्या रानांवर सारखा पडत नाही. लहान मूल, गोड चेहरा, एकदाच होणारे ऑपरेशन, पुण्या-मुंबईत नोकरीला असलेले नातेवाईक, इंग्रजीत चार ओळी लिहून देणारा भाचा, एवढे ज्याच्याकडे असेल त्याच्या पानाकडे लोकांचे लक्ष जाते. आता पूर्णा तालुक्यातली साठ वर्षांची एक बाई डोळ्यांपुढे आणा. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस, तेही जन्मभर. तिचा फोटो कोण पुढे पाठवील? पहिल्या महिन्यात भाऊबंद देतील, दुसऱ्या महिन्यात शेजारी देतील, तिसऱ्या महिन्यात फोन उचलला जाणार नाही. यात लोकांचा दोष नाही. वर्गणीचा स्वभावच असा आहे की ती एकदा येते. जो खर्च दर आठवड्याला येतो त्याला वर्गणी पुरी पडत नाही. त्याला हक्काचीच सोय लागते. त्यासाठी २०१६ पासून केंद्राचा डायलिसिस कार्यक्रम आहे, आणि त्याखाली जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना मोफत डायलिसिस देण्याची व्यवस्था आहे. या बाईच्या मुलाने मोबाइलवर पान उघडण्याआधी जिल्हा रुग्णालयात जाऊन हे विचारले पाहिजे.

यावरून आजच्या भाषणातली मुख्य गोष्ट निघते. जे हक्काने मिळते ते आधी घ्यावे. हक्क जेथे संपतो तेथून वर्गणी सुरू करावी. हा क्रम उलटा झाला की दोहोंकडून नुकसान होते. लोकांचे पैसे जेथे गरज नव्हती तेथे खर्च होतात, आणि हक्काची मुदत निघून जाते.

हक्काची दारे कोणती, ते एकेक पाहू.

पहिले दार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचा नांदेड त्या आठांत होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती साऱ्या राज्याला लागू झाली आणि परभणीलाही मिळाली. २०१७ मध्ये तिला आताचे नाव आले. पुढे ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. आधी पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर हा लाभ मिळे. मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत, म्हणजे आपल्याकडेही, पांढरे कार्ड असलेल्या शेतकऱ्यांना सातबाऱ्यावर तो मिळत असे. २०२३ च्या शासननिर्णयाने कार्डाच्या रंगाचा भेद काढला गेला आणि राज्यातल्या सर्व कुटुंबांना योजना खुली झाली. मर्यादाही दीड लाखावरून कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत वाढली. तिची अंमलबजावणी जुलै २०२४ पासून झाली.

‘पांढरे कार्ड हाय, आपल्याला काही मिळत नाही,’ असे अजूनही पुष्कळ माणसे म्हणतात. ती गोष्ट जुनी झाली.

या योजनेत तीन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. एक, ती सगळ्या दवाखान्यांत नसते. जी रुग्णालये योजनेत घेतलेली आहेत त्यांना अंगीकृत रुग्णालये म्हणतात. तेथेच लाभ मिळतो, आणि तोही यादीतल्या उपचारांना. दोन, अशा प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. डॉक्टरांना भेटण्याइतकेच त्याला भेटणे महत्त्वाचे. तीन, आणि ही सर्वांत मोलाची, ही योजना रोख परत देणारी नाही. उपचाराला आधी मंजुरी मिळते आणि पैसे परस्पर रुग्णालयाला जातात. तुम्ही आधी बिल भरले आणि नंतर कागद घेऊन गेलात, तर भरलेले पैसे परत मिळत नाहीत.

ही तिसरी गोष्ट माहीत नसल्यामुळे काय होते? समजा, पालम तालुक्यातला एक कोरडवाहू शेतकरी आहे. तीन एकर रान. बायकोच्या हृदयाची झडप खराब झाली. गावातल्या कोणीतरी शहरातल्या एका दवाखान्याचे नाव सांगितले. तेथे गेल्यावर कळले, तीन लाख लागतील. घाबरलेल्या माणसाने पन्नास हजार उसने आणून भरले, पुतण्याने मोबाइलवर वर्गणीचे पान उघडले, आणि राहिलेल्यासाठी एक एकराचा सौदा सुरू झाला. झडपेचे ऑपरेशन योजनेत बसते, आणि अंगीकृत रुग्णालयात ते एक पैसा न भरता होऊ शकते, हे त्याला कोणी सांगितलेच नाही. हाच माणूस आधी अंगीकृत रुग्णालयात गेला असता, तर बोलणे साधारण असे झाले असते.

“काका, रेशनकार्ड आणलंय का?”

“हाय नं ताई, पण घरीच राहिलं पेटीत.”

“मग पोराला फोन लावा. कार्डाचा फोटो पाठवायला सांगा, अन् मूळ कार्ड उद्याच्या गाडीनं येऊ द्या. पैसे कुठं भरू नका.”

एवढ्या चार वाक्यांवर एक एकर रान टिकते किंवा जाते. तातडीच्या वेळी कागद जवळ नसले तरी रुग्णाला दाखल करून घेण्याची आणि कागद ठरलेल्या मुदतीत देण्याची सोय योजनेत आहे. शंका असेल तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर फुकट विचारता येते.

दुसरे दार धर्मादाय रुग्णालयांचे. पुण्या-मुंबईतली अनेक मोठी, नावाजलेली खासगी रुग्णालये ही वास्तविक सार्वजनिक विश्वस्त संस्थांची आहेत. त्यांना करांत आणि इतर बाबींत सवलती मिळतात. त्या बदल्यात गरिबांसाठी काही करण्याचे बंधन १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्यात ४१ कक या कलमाने घातले आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून त्याची सविस्तर योजना २००६ पासून लागू झाली. शंभरातल्या दहा खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणि आणखी दहा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवायच्या. सध्या वर्षाला १,८०,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेला निर्धनांत मोडतो आणि ३,६०,००० रुपयांपर्यंतचा दुर्बल घटकांत. रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या शेकडा दोन रक्कम गरिबांच्या निधीत टाकायची असते. औषधांचा खर्च त्यातून व्हावा अशी कल्पना आहे. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवायचे नाही, असाही नियम आहे.

नियम कागदावर असतो आणि खिडकीवर निराळे बोलणे होते, हा अनुभव पुष्कळांचा आहे. २०२५ साली पुण्यात एका गर्भवती महिलेच्या मृत्यूनंतर अनामत रकमेचा प्रश्न राज्यभर गाजला, तो यामुळेच. म्हणून खिडकीवर ‘काही सवलत मिळेल का?’ असे भीत भीत विचारू नये. भीड ही भिकेची बहीण, असे आपण म्हणतोच. सरळ विचारावे, “धर्मादाय योजनेतली खाट रिकामी आहे का? समाजसेवा अधिकारी कुठे बसतात?” तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका हाती ठेवावी. दाद लागली नाही तर त्या जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. धर्मादाय खाट ही कोणाची मेहेरबानी नाही. सवलत घेतलेल्या संस्थेने ती देणे लागते.

तिसरे दार मुख्यमंत्री सहायता निधीचे. काही ठरलेल्या गंभीर आजारांसाठी या निधीतून रक्कम मिळते, आणि ती रुग्णालयाच्या खात्यावर जाते. त्यासाठी पूर्वी मुंबईला खेटे घालावे लागत. २०२५ पासून जिल्हाधिकारी कार्यालयांत त्याचे कक्ष उघडले गेले. अर्ज रुग्ण दाखल असतानाच करावा. घरी आल्यावर नाही. पंतप्रधानांचा राष्ट्रीय सहायता निधीही आहे. फाळणीत बेघर झालेल्यांसाठी जानेवारी १९४८ मध्ये लोकांच्याच वर्गणीतून तो सुरू झाला, आणि आता त्यातून मोठ्या ऑपरेशनांनाही मदत होते.

लेकरांसाठी एक दार आणखी आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली डॉक्टरांची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येऊन मुले तपासतात. हृदयाला छिद्र, फाटलेले टाळू, वाकडे पाऊल असे दोष निघाले तर पुढच्या उपचाराची व्यवस्था त्यातूनच होते. पथक येणार त्या दिवशी लेकराला कापूस वेचायला नेऊ नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

आणि राहण्याचे काय? मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. अशा ठिकाणी बाहेरगावच्या रुग्णाची अल्प खर्चात सोय होते. जागा मिळेलच असे नाही. पण निघण्याआधी चौकशी केली तर फुटपाथ टळण्याचा संभव वाढतो.

ही सारी दारे ठोठावूनही कमी पडले तर? पडते ना! योजनेच्या यादीत नसलेले औषध असते, पाच लाखांच्या वरचा खर्च असतो, महिनोन् महिने परगावी राहणे असते. येथून पुढे वर्गणीचा अधिकार सुरू होतो, आणि ती मागण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र ती रीतीने करावी.

पहिली रीत अशी, की नेमका खड्डा किती तो आकडा काढावा. डॉक्टरांकडून खर्चाचे अंदाजपत्रक रुग्णालयाच्या शिक्क्यानिशी घ्यावे. त्यातून योजनेचे आणि निधीचे पैसे वजा करावेत. उरेल तेवढेच मागावे. ‘मदत करा’ म्हणण्यापेक्षा ‘एक लाख दहा हजार कमी पडतात’ म्हटले की देणाऱ्यालाही हुरूप येतो.

दुसरी, पैसे शक्यतो रुग्णालयाच्या खात्यावर, रुग्णाच्या नोंदणी क्रमांकासह जमा व्हावेत. ते शक्य नसेल तर गावातल्या तीन-चार विश्वासू माणसांनी जबाबदारी घ्यावी. त्यांत एक शाळेचे गुरुजी असावेत, एखादी बचत गटातली ताई असावी. बचत गटांच्या बायका पैशाची वही जितकी चोख ठेवतात तितकी आपण पुरुषमंडळी क्वचितच ठेवतो!

तिसरी, जमा आणि खर्च दर आठवड्याला सर्वांना कळवावा. रक्कम पुरी झाली की त्याच दिवशी ‘आता पैसे पाठवू नयेत’ असा संदेश धाडावा. पैसे उरले, किंवा दैवाने रुग्णच राहिला नाही, तर उरलेल्या रकमेचे काय करायचे हे सुरुवातीलाच सांगून ठेवावे. हे बोलणे जड जाते. पण ते न बोलल्यामुळे दुःखात असलेल्या घरावर मागाहून संशय येतो, आणि पुढच्या गरजूला कोणी देत नाही.

चौथी रीत अब्रूची. आजारी माणसालाही लाज असते. नळ्या लावलेल्या, उघड्यावाघड्या माणसाचा फोटो सगळ्या जगात फिरवण्याआधी त्याची परवानगी घ्यावी. तो शुद्धीवर नसेल तर तो आपला बाप आहे किंवा माय आहे असे समजून विचार करावा. मोठ्या मुलीच्या आजाराचे नाव, तिचा चेहरा, गावाचे नाव हे एकदा बाहेर पडले की परत घेता येत नाही. डॉक्टरांचे पत्र आणि रुग्णालयाचा शिक्का बहुतेक वेळा पुरेसा असतो.

आता देणाऱ्यांकडे वळू. फसवणूक होते, हे खरे आहे. खरा फोटो आणि खोटा खाते क्रमांक अशीही जोडी असते. म्हणून द्यायच्या आधी एक फोन करावा. रुग्णालयाच्या मुख्य क्रमांकावर विचारावे की या नावाचा रुग्ण दाखल आहे का, पैसे तुमच्या खात्यावर घेता का. संदेशावरची तारीख पाहावी. दोन वर्षांपूर्वी बरे झालेल्या मुलाचे पान अजून फिरत असते. उलट, पैसे मागणाऱ्यानेही सावध राहावे. ‘मदत पाठवतो, तुमचा पिन टाका’ असे कोणी म्हणाले तर फोन ठेवून द्यावा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो द्यायला. आणि एक लहानशी गोष्ट, एखाद्या रुग्णाला हातावर दिलेल्या मदतीवर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही. ती मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते. ती हवी असेल तर तशी संस्था पाहावी.

वर्गणी पैशाचीच असते असेही नाही. परगावी दवाखान्यात असलेल्या घराला पैशाइतकीच माणसांची टंचाई असते. त्यांच्या हरभऱ्याला पाणी कोण देणार, म्हशीची धार कोण काढणार, शाळेत जाणाऱ्या पोरांना दोन वेळा भाकर कोण घालणार? रक्त द्यायला कोण जाणार? अर्जाचे कागद घेऊन तहसीलला, जिल्हाधिकारी कार्यालयात कोण बसणार? हे इंटरनेटवरचे कोणतेही पान करून देत नाही. येथे मात्र गाव करी ते राव न करी, ही म्हण अक्षरशः खरी ठरते. ज्या गावात सावड अजून जिवंत आहे त्या गावातला रुग्ण अर्धी लढाई घरीच जिंकून निघतो.

शेवटी एक विनंती. आजार सांगून येत नाही, कागद मात्र आधी तयार ठेवता येतात. आज रात्री जेवणे झाली की घरातले रेशनकार्ड काढून पाहा. त्यात सगळ्यांची नावे आहेत का? नव्या सुनेचे नाव चढले आहे का, नातवाचे आहे का? आधारकार्डावरचे नाव आणि शिधापत्रिकेवरचे नाव सारखे आहे का? आयुष्मान कार्ड काढले आहे का? यातले काही राहिले असेल तर ते आता, घरात सगळे धडधाकट असताना करून घ्या. मध्यरात्री जीप ठरवून दवाखान्याकडे निघताना एका अक्षराच्या चुकीपायी एक एकर रान विकण्याची पाळी कोणावर येऊ नये. एवढे करूनही कमी पडले, तर वही घेऊन उठायला आपण सगळे आहोतच.